बुरुजावरचा पहारा

गावच्या बुरुजात संग्रहालय झाल्यापासून वरच्या झरोक्यापाशी पहारेकऱ्याचा पुतळा उभा आहे, खांद्यावर भाला घेतलेला. लोकांना फोटो नीट मिळावा म्हणून तिथला राखणदार कुलदीप त्याचं तोंड जिन्याकडे करून ठेवतो. पण रोज सकाळी कुलूप उघडावं, तर पुतळा झरोक्यातून बाहेर शिवाराकडे पाहत असतो.

"काऊन वळवतं बे त्याले?" माझे सासरे उकंडराव कुलदीपला नेहमी म्हणायचे. त्यांच्या खापरपणजोबांनी याच बुरुजावर पहारा केला होता. "गावावर जे येईन, ते बाहेरूनच येईन. पाहू दे त्याले."

आज सकाळी सासऱ्यांना घेऊन मी तिथे गेले. कुलदीपनं आमच्यासमोर कुलूप काढलं. वर पोचलो, तर पुतळ्याचं तोंड जिन्याकडेच होतं.

"आज नाही वळला, आबाजी," कुलदीप हसला. मग त्याचं हसू तिथंच थांबलं. पुतळ्याचा भाला खांद्यावर नव्हता. तो आमच्या मागच्या पायऱ्यांवर रोखलेला होता.

सासऱ्यांनी मागे वळून पाहिलं नाही. माझा हात तेवढा घट्ट धरला.


"बाहेर पाह्याले आता काही नाही राह्यलं, सूनबाई. आत आलं ते."