निरोप्या

फ्रेमच्या दुकानातल्या दोघा भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं, त्याला वर्षं लोटली होती. धंदा मात्र अडला नाही, कारण दोघांच्या टेबलांमध्ये भुऱ्या कुत्रा पसरलेला असायचा.

"भुऱ्या, सांग तुझ्या काकाला, काच कापून झाली," थोरला म्हणायचा.

"भुऱ्या, विचार काकाला, आज डबा आणलाय की उपाशीच मरायचंय?" धाकटा म्हणायचा. दोघेही भुऱ्याचे काकाच; बाप कोण, ते कधी ठरलंच नाही.

आज सकाळी दोघांनी मिळून त्याला दुकानामागे पुरलं. एकाच कुदळीने, आळीपाळीने, चकार शब्द न काढता. मग हातपाय धुऊन दुकान उघडलं. गिऱ्हाईक थोडंच थांबतंय!

थोरला काच कापायला बसला. पण आज हात धड चालेना. काच तडकली आणि बोटातून रक्त आलं.

"भुऱ्या, विचार काकाला..." धाकटा सवयीने बोलून गेला आणि मध्येच थांबला. टेबलांमधली फरशी मोकळी होती. थोरल्याला वाटलं, झालं, आता या दुकानात कुणी बोलणार नाही.

"दादा," धाकटा म्हणाला, "फार लागलं का रे?"

"फार," थोरला म्हणाला. बोटाकडे त्याने पाहिलंही नव्हतं.