डबा रिकामा परत देऊ नये

शकुताईंनी गादीवर बसून पाहिलं, जरा मागेपुढे हलल्या आणि निकाल दिला. "अजून कडक."

नितीशने आईसाठी तिसऱ्यांदा फोम बदलला. नापास झालेल्या दोन गाद्या गॅरेजमध्ये भिंतीला टेकून उभ्या होत्या.

गाडीमागे जोडायची ती घरासारखी कॅरॅव्हॅन साठच्या दशकातली, म्हणजे नितीशपेक्षा मोठी आणि शकुताईंपेक्षा लहान. शेजारच्या डेसच्या अंगणात फीजोआच्या, पेरूसारख्या फळाच्या झाडाखाली ती शेवाळ धरून पडली होती. डेस सत्तरीचा, निवृत्त सुतार, घरात एकटा. नितीशने मागितली तेव्हा त्याने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं आणि एका क्रेट बिअरवर देऊन टाकली.

परदेशातल्या, हेन्डरसनच्या त्या घरात आईचं मन लागत नव्हतं. नितीश आणि त्याची बायको सुखदा दिवसभर कामावर, मुलगी वल्लरी शाळेत आणि शकुताई खिडकीत. मे महिन्यात व्हिसा संपला की त्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहायला जाणार होत्या. तिथेच गेल्या वर्षी त्या मोरीत घसरून पडल्या आणि कामवाली येईपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. व्हिसा वाढवता आला असता. शकुताई वाढवू देत नव्हत्या. इथे राहून करू काय, हा त्यांचा प्रश्न होता आणि नितीशकडे त्याला कॅरॅव्हॅन हे एकच उत्तर होतं. सगळ्यांनी मिळून हिंडायचं, समुद्र बघायचे, आईला देश आवडेल, आई राहील.

त्याने बाहेरचे पत्रे उतरवले तर आतलं लाकूड भिजलेल्या बिस्किटासारखं हातात आलं. त्याने ते सगळं बदललं. खिडक्यांना नवीन रबर लावलं. सुखदाने पडदे शिवले. तिचं म्हणणं होतं, एवढ्या मेहनतीत आपल्या घराला लाकडी डेक झाला असता. पण रंग शकुताईंनी निवडला, ओटा त्यांच्या कमरेच्या उंचीचा झाला, पायरी त्यांच्या गुडघ्याला विचारून बसवली.

वरचे बंक मात्र त्यांनी काढायला लावले. तिथे कपाट हवं होतं.

"मग आम्ही कुठे झोपायचं?"

"तंबूत झोपा. तरुण आहात."

आईला रस वाटू लागला, यातच नितीश खूश होता.

इंग्रजीचा सराव व्हावा म्हणून त्याने आईला रोज डेसकडे स्टीलचा डबा घेऊन पाठवायला सुरुवात केली. कधी थालीपीठ, कधी साबुदाण्याची खिचडी. आधी त्या कुरकुरल्या. तो माणूस फार बोलतो, एक अक्षर कळत नाही, जेवताना तर मुळीच थांबत नाही. पहिला डबा त्याने रिकामा परत दिला, तेव्हा त्या आल्या पावली मागे फिरल्या आणि डबा रिकामा परत द्यायचा नसतो हे त्याला हातवारे करून समजावून आल्या. त्यानंतर डब्यातून लिंबं आली, पालकासारखं सिल्व्हरबीट आलं, एकदा अख्खा स्नॅपर आला. शकुताईंनी मासा झाडाखाली पुरला आणि दुसऱ्या दिवशी डेसला वरणभात नेऊन दिला.

नितीशला मात्र डेसची धास्ती वाटू लागली होती. म्हातारा रोज कुंपण ओलांडून यायचा, सांगितलं नसताना बिजागऱ्यांना तेल घालायचा, कॅरॅव्हॅनवरून हळूच हात फिरवायचा. सुखदा म्हणाली, दिल्याचा पस्तावा होतोय त्याला, परत मागणार बघ. त्यातून कॅरॅव्हॅन ओढायला गाडी डेसचीच लागणार होती. नितीशच्या हायब्रिडला ट्रॉलीसुद्धा जड जायची.

शेवटी नितीशने कॅरॅव्हॅनच्या गाडीला जोडायच्या दांड्याला मोठं कुलूप घातलं. किल्ली आईकडे दिली, कारण आईकडची किल्ली देवाने मागितली तरी मिळत नसे.

शकुताईंनी ती बटव्यात टाकली आणि पायरीवर बसल्या. नितीश सँडपेपर घासत होता.

"तुझ्या बाबांना गाडी लागायची," त्या म्हणाल्या. "त्यामुळे मलाही लागते असंच सगळे धरून चालले."

नितीशचा हात थांबला. आईला आणखी काय काय लागत नसेल, हे आपण कधी विचारलंच नाही, असं त्याच्या मनात आलं. मग त्याने राहिलेली कड घासून टाकली.

ईस्टरच्या सुटीत पहिली सहल ठरली. तीन दिवस, डेससकट सगळे मिळून. आदल्या दिवशी सुखदाने पाच कप आत अडकवले. शकुताईंनी त्यांतले तीन काढून घरात आणून ठेवले. सुखदाला वाटलं, फुटतील म्हणून.

सकाळी नितीश बाहेर आला तर ड्राइव्हवे रिकामा. डेसची गाडीही नाही. कुलूप मात्र कुणी तोडलेलं नव्हतं. ते उघडून नीट फाटकाला अडकवलेलं होतं.

नितीशने पोलिसांना फोन लावला. शेजाऱ्याने कॅरॅव्हॅन चोरली, असं त्याने शक्य तितक्या शांतपणे सांगितलं. रंग सांगितला, पडदे सांगितले, गादीचा कडकपणाही सांगितला.

तेवढ्यात सुखदा दारात आली. आई खोलीत नव्हत्या.

तिच्या मागून वल्लरी आली, हातात सीरिअलचा बाउल. "रिलॅक्स, बाबा. आजी टुक हर स्विमिंग टॉग्ज. तिने सांगायला सांगितलंय, व्हिसा वाढव. शी इज नॉट गोइंग बॅक."

नितीशने खाली पाहिलं. दाराच्या पायरीवर स्टीलचा डबा होता, घासूनपुसून लख्ख, फीजोआंनी काठोकाठ भरलेला.

फोनवरच्या बाईने विचारलं, कॅरॅव्हॅनमध्ये आणखी काही मौल्यवान होतं का.

"आई," नितीश म्हणाला.