उशीवरची चिठ्ठी

आजोबांची ट्रॉली एक्स-रेकडे निघाली आणि शालन सिस्टर अपघात विभागाच्या दारातून मागे फिरली. काल अशीच रिकामी खाट बघून एका लेकाने हंबरडा फोडला होता. वडील एक्स-रेला गेलेत, एवढंच त्याला सांगायचं राहिलं होतं.

बोलण्यात आपण कुठे कमी पडलो ते ड्यूटी संपताना वहीत लिहायचं, हा मेट्रनबाईंचा नियम तिला जाच वाटायचा. काल मात्र तिने पान भरलं होतं.

आज तिने औषधं आणायला गेलेल्या आजींसाठी उशीवर चिठ्ठी ठेवली: "आजोबा एक्स-रेला गेलेत. शुद्धीवर आहेत. चहा मागताहेत."

ट्रॉली परतली तेव्हा आजी खाटेवर निवांत बसल्या होत्या. चिठ्ठीखाली त्यांनी लिहिलं होतं: "चहा द्या. साखर नको, मागितली तरी."

चिठ्ठी बघून आजोबा पुटपुटले, "म्हणजे संसार अजून बाकी आहे."

त्या दिवशी शालनने वहीत काही लिहिलं नाही, चिठ्ठीच चिकटवली.