घरचा फॉर्म

प्रशिक्षणात मिळालेली पुस्तिका मंदाला आता तोंडपाठ झाली होती. म्हाताऱ्या माणसाच्या जवळ बसा, नावानं हाक मारा, प्रश्न विचारल्यावर उत्तर येईस्तोवर थांबा. म्हाताऱ्यांच्या सर्वेक्षणाचे फॉर्म भरायला गावची ही आशा सेविका चार दिवस उंद्रीतल्या एकूण एक म्हाताऱ्यांपुढं अशीच बसली. "दिवसातून कोणी तुमच्याशी बोलतं का?" या प्रश्नावर नूरजहांबी तिचा हात धरून अर्धा तास रडल्या. मंदा पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे थांबली.

मग राहिला फक्त स्वतःच्या घरचा फॉर्म. घरच्या माणसाला काय विचारायचं? सासूचं वय, साखर, बीपी, गोळ्या तिला ठाऊकच होत्या. एका हातानं भाकर उलथत तिनं दुसऱ्या हातानं मोबाइलवर तो भरला. 'कोणी बोलतं का?' इथं 'हो'वर बोट टेकवलं आणि फॉर्म पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी आली, तर सासू धुतलेलं लुगडं नेसून ओसरीत बसलेली. समोर सतरंजी अंथरलेली, शेजारी पाण्याचा भरला तांब्या.

"कोनी येऊन राह्यलं का, आत्याबाई?" चपला काढता काढता मंदानं विचारलं.

 

"तूच येनार हाय ना वं," सासू सतरंजीवरची सुरकुती सारखी करत म्हणाली. "नूरजहां सांगे, तुही सून जवळ बसून इचारते म्हने. म्हटलं, आज आपला नंबर असन."