नवा पत्ता

"पत्ता सांगा, ताई. चौकीच्या बाहेर जाणार नाही, माझा शब्द आहे," हवालदार म्हणाले. उज्ज्वलाने नव्या खोलीचा पत्ता इतक्या हळू सांगितला, की त्यांना दोनदा विचारावं लागलं. दंडावर नवऱ्याच्या पट्ट्याचे वळ होते. हा पत्ता तिने आईलाही कळू दिला नव्हता.

आठवड्याने त्यांचाच फोन आला. "तुमच्या नवऱ्याला बोलावून चांगलाच झापला. ढसाढसा रडला हो! पाय धरून माफी मागतो म्हणाला. मलाही लेकी आहेत. म्हटलं, संसार मोडू नये कुणाचा."

"म्हणजे... पत्ता दिलात?"

"नाहीतर माफी कशी मागणार?"

दारावर थाप पडली.

"आला वाटतं," हवालदार खुशीत म्हणाले. "उघडा, ताई. हात उचलणार नाही तो. शब्द दिलाय त्याने मला."