नववी आज्ञा

“हा दृढीकरणाचा वर्ग आहे की खेळाचं मैदान?” शांतवन मास्तर चर्चमागच्या खोलीच्या दारातूनच ओरडले. चर्च कमिटीने त्यांना माझा वर्ग तपासायला पाठवलं होतं.

दृढीकरणाच्या विधीनंतर चर्चचे पूर्ण सभासद होणार असलेली माझ्या वर्गातली बारा मुलं गोल करून बसली होती. चेंडू ज्याच्या हातात येईल त्याने दहा आज्ञांमधली पुढची आज्ञा म्हणायची, आणि अडखळला तर शेजारच्याने सांगायची. हा नियम मी केला तो मास्तरांमुळेच. तीस वर्षांपूर्वी याच खोलीत मी नवव्या आज्ञेला अडखळले, तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर त्या वर्षीच्या विधीच्या यादीतून माझं नाव खोडलं. दृढीकरणासाठी आईने इस्त्री करून ठेवलेली पांढरी साडी वर्षभर ट्रंकेत पडून राहिली.

“या ना मास्तर, बसा,” मी गोड आवाजात म्हणाले आणि खुर्ची मुलांच्या गोलातच ठेवली. मुलं एकेक आज्ञा म्हणत गेली. आठवी झाली तसा मी चेंडू मास्तरांकडे टाकला.

त्यांनी तो झेलला, तोंड उघडलं आणि परत मिटलं. चेंडू हातात फिरवत राहिले.

शेजारची सुवार्ता हळूच त्यांच्या कानाशी झुकली. मी तिला डोळ्यांनीच दटावलं.

“बाई, अडखळलेल्याला सांगायचं असतं ना?” ती गोंधळून म्हणाली.

“सांगायचं. पुढच्या रविवारपासून,” मी म्हणाले. “आज कोणी तोंड उघडायचं नाही.”

तीस वर्षं थांबले होते. मला आता कसलीही घाई नव्हती.