कानस

बाप गेल्यावर त्याची रिव्हॉल्व्हर माझ्या नावावर झाली. आई आणि बायकोला घेऊन मी तडक बंदुकीचं दुकान गाठलं. भाजीत मीठ कमी पडलं, तरी तो ही ब्याद ताटाशेजारी ठेवायचा आणि आई थरथरत उभी राहायची. “ही घ्या आणि बदल्यात छोटं, नवं पिस्तूल द्या,” मी दुकानदाराला म्हणालो. “नवंही घरात नको,” बायको म्हणाली. मी काउंटरवर मूठ आपटली तशी ती मागे सरकली. दुकानदाराने रिव्हॉल्व्हर उघडून निरखली. “गोळीवर आपटणारं घोड्याचं टोक कुणीतरी कानशीने घासलंय. हिच्यातून गोळी सुटणारच नाही.” “मीच घासलं,” आई म्हणाली. “तुझ्या जन्माआधी. साफ करायला माझ्याकडेच द्यायचे.” माझं डोकंच फिरलं. “मग आयुष्यभर थरथरलीस कशाला?” “थरथरले नसते, तर त्यांनी दुसरी आणली असती.” दुकानदाराने नवं पिस्तूल पुढे सरकवलं. मी बायकोकडे पाहिलं. ती थरथरत होती.